वेदनेची नोंद

शिवथरच्या घळीत दासबोधाची रचना झाली असे परंपरा मानते. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या दशकातील सहाव्या समासात देहाच्या दुखण्यांची भली मोठी यादी आहे. उपदेश करण्यापूर्वी समर्थांनी दुखण्याची नावानिशी दखल घेतली. आमच्या रुग्णालयांतून नेमकी हीच दृष्टी हरवलेली दिसते. रोग्याचे तापमान, नाडी आणि रक्तदाब कागदावर चढतात. त्याला किती दुखते, हे मात्र पुष्कळदा कोणी विचारीतही नाही. विव्हळणाऱ्याला 'थोडे सोसा' एवढेच उत्तर मिळते.

वेदना ही केवळ सोसण्याची गोष्ट नव्हे. ती रोगाची भाषाही आहे. याचा दाखला शिवथरच्या शेजारीच, महाड तालुक्यात सापडतो. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाचे रोगी बारकाईने पाहिले. दंशाच्या जागी असह्य कळा, पण अन्य लक्षणे नाहीत, असा रोगी बहुधा सुखरूप असतो. उलट कळ थोडी, परंतु अंग घामाने निथळते आणि हातपाय गार पडतात, त्याचे हृदय धोक्यात असते. पहिल्याला दंशाची जागा बधिर करणे पुरते. दुसऱ्याला प्राझोसिन द्यावे लागते. हा उपचार १९८६ साली 'लॅन्सेट'मधून जगापुढे आला. रोग्याला नीट विचारल्याने प्राण वाचतात, ते असे.

विचारण्यास खर्च पडत नाही. शून्य ते दहा यांपैकी आकडा सांगावयास लावावा. मुलांना चेहऱ्यांची चित्रे दाखवावी. बोलू न शकणाऱ्याची मुद्रा व हालचाल पाहावी. कर्करोगाच्या वेदनेवर साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंत पायरीपायरीने औषध कसे द्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच सांगितले. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे दुरापास्त झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंजाळ पुष्कळसे सुटले. उरली ती व्यसनाची अवास्तव भीती आणि अनास्था.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. प्रत्येक रुग्णपत्रिकेवर वेदनेचा रकाना असावा, औषध दिल्यावर रोग्याला पुन्हा विचारावे, आणि तालुक्याच्या रुग्णालयातही मॉर्फिन व ते देणारा प्रशिक्षित हात असावा. सहनशीलता हा सद्गुण खराच. परंतु तो दुसऱ्याच्या देहावर लादण्याचा अधिकार कोणालाही नाही.