लढाई त्यांची, मढी डोंगरातली



मोठी राष्ट्रं दुसऱ्याच्या मुलखात, दुसऱ्याच्या पोरांच्या हाती बंदूक देऊन लढाया का करतात? त्यांचे पुढारी सांगतात, शत्रूला अडवायला. हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं त्यांच्या स्वतःच्या मतपेटीत असतं.

लाओसचं बघा. व्हिएतनामला लागून असलेला डोंगराळ देश. तिथले मोंग लोक आपल्यासारखेच डोंगरातले, उतारावरचं जंगल तोडून-भाजून भात-मका पिकवणारे. १९६२ साली जिनिव्हात करार झाला की लाओसात परकी फौज नको. अमेरिकेने सही केली, उत्तर व्हिएतनामनेही केली. पाळला दोघांनीही नाही. उत्तर व्हिएतनामने फौज तिथेच ठेवली. अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्याने मोंगांना बंदुका आणि पगार देऊन वांग पाओ यांच्या हाताखाली हजारोंची फौज उभी केली.

स्वतःचे शिपाई का नाही धाडले? १९६४ च्या निवडणुकीत अध्यक्ष जॉन्सन लोकांना सांगत होते की जे काम आशियातल्या पोरांचं आहे, त्यासाठी आपली पोरं पाठवणार नाही. निवडून आले आणि पुढच्याच वर्षी व्हिएतनामात फौजा उतरवल्या. शवपेट्या घरी येऊ लागल्या. सक्तीच्या भरतीविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. १९६८ मध्ये जॉन्सन यांना सांगावं लागलं, मी पुन्हा उभा राहत नाही.

पण मोंग पोराचं मढं अमेरिकेच्या कुठल्याच गावात जात नव्हतं. त्याच्या आईला तिथे मत नव्हतं. म्हणून ही लढाई वर्षानुवर्षं लपवता आली. अध्यक्ष निक्सन यांनी जाहीर कबुली दिली ती १९७० साली!

इकडे काय झालं? बाप्ये लढाईवर गेले, शेती पडली. विमानातून टाकलेल्या तांदळावर गावं जगू लागली. बाप्ये मेले, तशी तेरा-चौदा वर्षांची पोरं भरती केली. समोरच्या बाजूलाही मोंग होतेच, म्हणजे भावाची गोळी भावाला. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. तेव्हा न फुटलेले बॉम्ब पुढेही शेत खणताना फुटत राहिले. १९७५ साली वांग पाओ आणि त्यांच्या जवळच्या माणसांना विमानाने बाहेर नेलं. बाकीचे हजारो मोंग मेकाँग नदी ओलांडून थायलंडच्या छावण्यांत गेले. कित्येक वाटेतच मेले.

कुणी म्हणेल, मोंगांना स्वतःचीही कारणं होती. होतीच. त्यांना आपला डोंगर राखायचा होता. पण लढाई किती चालवायची आणि कधी सोडून जायचं, हे डोंगरात ठरत नव्हतं, वॉशिंग्टनात ठरत होतं.

म्हणून कुणी बंदूक आणि पगार घेऊन दारात आला, तर आधी दोनच गोष्टी विचाराव्या. तुझी पोरं कुठे आहेत? आणि लढाई थांबवायचा हक्क कुणाकडे?

गावात वाचून दाखवा.