किलोमीटर कोणासाठी मोजता?

जून महिना लागला की सकाळी सात वाजता शहरातल्या रस्त्यावर दोन मुले दिसतात. पहिले मूल सोसायटीच्या फाटकाशी उभे असते. पिवळी बस येते, मदतनीस बाई हात धरून त्याला आत घेते आणि बस त्याला आठ-दहा किलोमीटरवरच्या शाळेत नेऊन सोडते. दुसरे मूल त्याच सोसायटीत धुणीभांडी करणाऱ्या बाईचे असते. पहिल्या मुलाच्या बापाला कोणीही विचारत नाही की, तुमचे घर शाळेपासून किती लांब आहे? दुसऱ्याच्या आईला मात्र संगणकाच्या नकाशावर आपल्या झोपडीचा ठिपका दाखवावा लागतो. ठिपका चुकला तर प्रवेश रद्द. भाड्याने राहत असेल तर नोंदणीकृत भाडेकरार आणावा लागतो. झोपडपट्टीतला कोणता घरमालक असा करार करून देतो? ज्याच्या खिशात पैसा आहे त्याच्यासाठी अंतर नाही आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या अंतराचा पंचनामा, अशी ही व्यवस्था आहे.

वास्तविक हा किलोमीटर आपल्या मुलांच्या हक्कासाठी कायद्यात आला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, २००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. परिसरात शाळा नसेल तर तीन वर्षांत ती उभी करा, असे हा कायदा शासनाला आणि स्थानिक संस्थांना बजावतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी अंतरही ठरवून दिले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर, सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. म्हणजे मोजपट्टी मुलाच्या हातात होती आणि उत्तर शासनाने द्यायचे होते. पुढे मोजपट्टी शासनाने आपल्या हातात घेतली आणि तिनेच मुलाला अडवायला सुरुवात केली.

९ फेब्रुवारी २०२४ ची अधिसूचना आठवा. विनाअनुदानित खाजगी शाळांत दुर्बल व वंचित घटकांसाठी असलेल्या २५ टक्के जागा हे या कायद्यातले एकमेव कलम असे, जे वस्तीतल्या मुलाला साहेबाच्या मुलाशेजारी बाकावर बसवते. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या २५ टक्क्यांतून सूट, असे त्या अधिसूचनेने ठरवले. मुंबई-पुण्यासारख्या शहरात एक किलोमीटरच्या आत महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही, अशा खाजगी शाळा किती उरणार? कलम कायद्यात तसेच राहिले, पण त्यातला जीव काढून घेतला गेला. कर्नाटकाने हाच प्रयोग काही वर्षे आधी केला होता आणि तिथल्या जागा झपाट्याने आटल्या, हे दिसत असताना महाराष्ट्राने तीच वाट धरली.

पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ही दुरुस्ती घटनाबाह्य आणि मूळ कायद्याच्या विरोधात म्हणून रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. आपण जिंकलो, पण किंमत कोणी मोजली? शाळा जूनमध्येच भरल्या होत्या. निकालाची वाट पाहत आपली मुले घरी बसली. कित्येकांनी कर्ज काढून दुसरीकडे फी भरली. त्या दिवसांची भरपाई कोणत्या न्यायालयात मागायची?

शासनाची बाजू अशी होती की, जवळ सरकारी शाळा असताना खाजगी शाळेचा खर्च शासनाने का उचलावा? प्रश्न ऐकायला रास्त वाटतो. आम्हीही सरकारी शाळेचेच पक्षपाती आहोत. मग १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची शिफारस पूर्ण मान्य करा. परिसरातली सगळी मुले, जात-धर्म-उत्पन्न न पाहता, एकाच शेजारशाळेत जातील असे त्या आयोगाने सुचवले होते. १८ ऑगस्ट २०१५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांची मुले सरकारी शाळेत घाला, असा आदेश दिला. तो कागदावरच राहिला. शेजारशाळेचा नियम कलेक्टरच्या मुलाला लागू नसेल आणि फक्त कामवालीच्या मुलाला लागू असेल, तर तो नियम नाही, ते कुंपण आहे.

आता शहरातून गावाकडे या. तिथे हाच किलोमीटर नेमका उलटा फिरतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा राज्यात १४ हजार ७८३ आणि त्यांतली मुले १ लाख ८५ हजारांच्या घरात, असा हिशेब तेव्हा मांडला गेला. या शाळा कुठे आहेत? डोंगरावरच्या पाड्यावर, बंजारा तांड्यावर, धनगरवाडीत, गावाबाहेरच्या वस्तीवर. गावच्या शाळेपर्यंत लहान मूल चालत जाऊ शकत नव्हते, म्हणून तर वस्तीशाळा निघाल्या. शहरात जे शासन म्हणत होते की जवळची शाळा पुरे, तेच गावात म्हणते की जवळची शाळा नको, लांबच्या शाळेत बसने या! दोन्हीकडे पैसा वाचतो शासनाचा आणि पाय झिजतात आपल्या मुलांचे.

आणि हा २० चा आकडा आला कुठून? २०११ च्या नियमात नवी शाळा काढण्यासाठी परिसरात किमान २० मुले असावीत, अशी अट आहे. शाळा उघडण्याची अट शाळा आवळण्याचे हत्यार कशी झाली, याचे उत्तर विचारले पाहिजे.

पाच-सात मुलांची, एका शिक्षकाची शाळा आदर्श आहे असे आम्ही म्हणत नाही. मुलाला सवंगडी हवेत, विषयाला शिक्षक हवेत, प्रयोगशाळा हवी. पण आधी बस दाखवा. श्रावणात ओढ्याला पूर आला की ती येणार का? ठेकेदाराचे बिल थकले की ती थांबणार नाही, याची हमी कोण देणार? २५ टक्के प्रवेशांची शुल्क प्रतिपूर्ती वर्षानुवर्षे थकवणाऱ्या शासनाने बसभाड्याची हमी द्यावी आणि आपण ती डोळे मिटून मानावी काय? सहा वर्षांचे मूल पहाटे उठून दहा किलोमीटर जाईलही, पण बस चुकली की त्याची शाळा चुकली. आणि मुलगी वयात आली, रस्ता निर्जन असला, की पहिले दप्तर तिचेच खुंटीवर लागते. मुलींसाठी एसटीच्या मोफत पासाची योजना आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस आहेत. त्यांचा फायदा झाला हे मान्य. पण ज्या वस्तीपर्यंत डांबरी रस्ताच जात नाही, तिथे पास घेऊन मुलीने कोणाची वाट पाहायची?

रेषा आखून माणसे वेगळी ठेवण्याची ही कला आपल्यापुरती नाही. अमेरिकेत टोपेका शहरात काळ्या कुटुंबातल्या लिंडा ब्राऊनला घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून रेल्वेचे रूळ ओलांडून, बस पकडून लांबच्या शाळेत जावे लागे. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असे विभाजन बेकायदा ठरवले. मग गोरे उपनगरात गेले आणि १९७४ च्या डेट्रॉईटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने शाळा-जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडून मुले एकत्र आणण्यास नकार दिला. दारावरची पाटी गेली, तिचे काम नकाशावरची रेषा करू लागली. आपल्याकडे तर गावाची रचनाच रेषेवर उभी आहे. शेजार जातीने ठरतो. म्हणून 'शेजारशाळा' हा शब्द ऐकताना आपण सावध असले पाहिजे. छत्रपती शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकाच शाळेत बसवण्याचा आदेश काढला, तो याच जाणिवेतून. शाळेतही वेगळे बसावे लागलेल्या मुलाने पुढे या देशाची घटना लिहिली, हे आपण विसरू नये.

कार्यकर्त्यांनी आता भाषणाबरोबर कागद हातात घ्यावा. प्रवेशाच्या काळात प्रत्येक बुद्ध विहारात २५ टक्क्यांचे अर्ज भरून देणारे मदत केंद्र चालवा. नकाशावरचा ठिपका, जातीचा दाखला, भाडेकरार हे आधीच तपासा. अनुसूचित जाती-जमातींसाठी उत्पन्नाची अट नाही, हे घरोघरी सांगा. गावात शाळा व्यवस्थापन समितीवर आपली माणसे बसवा. शाळा हलवण्याचा प्रस्ताव आला तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि एकच विचारा : बस आधी एक वर्ष चालवून दाखवणार का? माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्यातल्या कमी पटाच्या शाळांची यादी मागवा. ती यादी हाती असेल, तर शाळेला कुलूप लागल्यावर मोर्चा काढण्याची पाळी येणार नाही.

किलोमीटर मोजायचाच असेल तर खुशाल मोजा. पण मुलाच्या दारापासून शाळेकडे मोजा, शाळेच्या फाटकापासून मुलाकडे नको. कायद्याने मोजपट्टी आपल्या मुलाच्या हातात दिली होती. ती परत घेणे हे आपले काम आहे.

जयभीम!