होडीचे भाडे आणि समुद्राचे देणे

बुऱ्हाणपूरच्या माणसाला समुद्र दूरचा आहे. तापीच्या घाटावर लहानाचे मोठे झालेल्यास पाणी म्हटले म्हणजे त्याचा पैलतीर दिसावयास हवा. राजघाटावर उभे राहिले की पलीकडे जैनाबाद दिसते, तसा. एके काळी आमच्या गावचे कापड सुरतेच्या बंदरात जाऊन गलबतांवर चढे व देशोदेशी पोहोचे; त्या कापडामागोमाग समुद्र पाहावयास जाण्याची हौस मात्र फारशा कोणास नसावी. आता काळ पालटला आहे. सुट्टी लागली की कोकण गाठावे, आप्तमित्र मिळून एक अख्खी होडी भाड्याने घ्यावी आणि खोल पाण्यात जाऊन गळ टाकावा, ही हौस आमच्या परिचयाच्या कुटुंबांतही शिरू लागली आहे. हौस वाईट नाही. परंतु तिच्याबरोबर काही विवेकही शिकावयास हवा, असे आम्हांस वाटते; आणि तो आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो, हे प्रारंभीच सांगून टाकतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन घरची अकरा माणसे मालवणास गेलो होतो. पहाटे होडीत बसलो. सोबत वयस्क तांडेल व त्यांचा एक खलाशी. किल्ले सिंधुदुर्ग पाठीमागे पडला, किनाऱ्यावरील माड बोटभर दिसू लागले आणि तांडेलांनी नांगर टाकला. पहिला अर्धा तास फजितीचा गेला. आमच्यापैकी दोघांना बोट लागली. बाकीच्यांना गळास कोळंबी कशी ओवावी तेच उमगेना. मग मात्र दोरीस पहिला हिसका बसला! तो हिसका तळहातातून थेट काळजापर्यंत जातो. न दिसणाऱ्या खोलीतून कोणी आपल्या हाताशी झुंजत आहे, हा अनुभव शब्दांत सांगणे कठीण. लहान मुले, त्यांच्या आया, एरवी वर्तमानपत्रातून मान वर न काढणारे वडील, सारेच एका दोरीकडे टक लावून बसले होते. घरी एकाच छपराखाली राहूनही आपण असे एकत्र कितीदा बसतो?

त्या आनंदातच एक प्रसंग घडला. मुलांच्या गळास वीतभराहूनही लहान अशी तांबोशीची पिल्ले लागू लागली. मुलांनी ती बादलीत टाकली. पाच झाली, सात झाली. तेव्हा तांडेल उठले, त्यांनी हात ओले केले आणि एकेक पिल्लू उचलून हलकेच पाण्यात सोडून दिले. आमच्यातील एक मुलगा रुसून म्हणाला, “पण आपण पैसे दिले आहेत ना!” तांडेल रागावले नाहीत. आपल्या मालवणीत एवढेच म्हणाले, “झिला, ही आज न्हेलंस, तर फुडल्या वर्साक मी काय धरतलंय?” पुढच्या वर्षी मी काय धरू, हा त्यांचा प्रश्न होता. मुलास उत्तर सुचले नाही. खरे सांगावयाचे तर आम्हा मोठ्या माणसांसही सुचले नाही. कारण मुलाच्या तोंडचे ते वाक्य आमचेच होते. आदल्या रात्री भाडे ठरविताना “पैसे वसूल झाले पाहिजेत” असे आम्हीच दहादा म्हटले होते.

हा लेख त्या मौनातून निघाला आहे. आम्ही भाडे कशाचे दिले होते? होडीचे, डिझेलाचे, तांडेलांच्या आयुष्यभराच्या अनुभवाचे. समुद्राचे भाडे आम्ही दिले नव्हते, आणि ते घेणारा कोणी नाही. ज्यांचे पोट त्या पाण्यावर चालते, त्यांच्या घरी आम्ही चार घटकांचे पाहुणे होतो. पाहुण्याने यजमानाचे बी-बियाण्याचे कणगे उपसू नये, ही साधी रीत घाटावर जितकी खरी, तितकीच समुद्रातही.

ही मर्यादा आपणांस नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. गळ, दोरी, काठी, निरनिराळ्या माशांस आवडणारे निरनिराळे आमिष, यांचा त्यात तपशीलवार विचार आहे. म्हणजे विरंगुळ्यासाठी गळ टाकणे ही पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली गोष्ट आहे, असे मानावयाचे कारण नाही. त्याहूनही तेरा-चौदा शतके मागे गेलो, तर सम्राट अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातील ठराविक दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत अशी आज्ञा कोरलेली आढळते. आणि कोकणातील कोळी बांधव आजही पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात व नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून मगच पुन्हा दर्यावर जातात. उसळलेल्या दर्याचे भय त्यामागे आहेच. परंतु याच दिवसांत अनेक जातींचे मासे अंडी घालतात, हेही त्यांच्या पूर्वजांनी पाहिले असले पाहिजे. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांकरिता किमान लांबीही ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये असा दंडक घातला. तांडेलांनी पिल्ले सोडली, ती कायद्याच्या भयाने सोडली असे आम्हांस वाटत नाही. कायदाच त्यांच्यासारख्यांच्या शहाणपणामागून चालत आला आहे.

दूरदेशीची गोष्टही हेच सांगते. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील कॅटालिना बेटावर १८९८ साली चार्ल्स फ्रेडरिक होल्डर यांनी ‘टूना क्लब’ स्थापिला. हौशी लोक जाड दोऱ्या टाकून नको तितके मासे मारतात व वाया घालवितात, हे पाहून त्यांनी नियम केला की, सभासदाने हलकी काठी व बारीक दोरीच वापरावी. माशास निसटण्याची न्याय्य संधी मिळावी. भरपूर मासे असलेल्या समुद्रातही क्रीडेस नियम लागला. नियम नसेल तेथे क्रीडा उरत नाही, नुसती लूट उरते. हुतूतूचा खेळ खेळणाऱ्यास हे अधिक समजावून सांगावयास नको.

येथे दोन आक्षेप येतील, आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप आमच्यातीलच एका आजींचा. त्या होडीत बसल्या होत्या, पण त्यांच्या घरी मासे शिजत नाहीत. त्या म्हणाल्या, “खाण्यासाठी धरले तर एक वेळ समजते. पण गंमत म्हणून जिवाच्या तोंडात काटा रुतवायचा, हे मला पटत नाही.” आम्ही या म्हणण्यास हसून टाळणार नाही. मासा सोडून दिला म्हणजे आपण निर्दोष झालो, असेही नाही. खोल पाण्यातून भरभर वर ओढलेल्या माशाच्या वाताशयातील हवा फुगते, आणि सोडल्यावरही तो पुष्कळदा जगत नाही. कोरड्या हातांनी धरल्यास त्याच्या अंगावरील बुळबुळीत संरक्षक थर निघून जातो व त्याला रोग जडतो. म्हणून आमचे मत असे की, जेवढे त्या दिवशी ताटात पडेल तेवढेच धरावे आणि तेवढे झाले की गळ गुंडाळावा. दिवसभर धरावयाचे आणि दिवसभर सोडावयाचे, या खेळापेक्षा ते अधिक प्रामाणिक आहे. आजींचे समाधान एवढ्याने होईल असे नाही. पण त्यांचा प्रश्न मनात ठेवून होडीत बसणारा माणूस उन्मत्त होणार नाही, हे निश्चित.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. मोठमोठ्या यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी एका फेरीत टनांनी मासळी उपसतात. तेथे आमच्या सात पिल्लांनी काय होणार? हे खरे आहे. समुद्र रिता होतो तो हौशी माणसांच्या गळामुळे नव्हे. पण ज्याला सात पिल्लांचा मोह आवरत नाही, त्याने सात टनांच्या लोभास नावे कोणत्या तोंडाने ठेवावी? शिवाय पर्यटकांच्या होड्या वर्षानुवर्षे किनाऱ्याजवळच्या त्याच त्या खडकांपाशी नांगर टाकतात. तेथील तांबोशी व गोबरे खडक धरून राहणारे. एकदा संपले की लवकर भरून येत नाहीत.

तेव्हा जे जाणार असतील त्यांनी काही गोष्टी अवश्य पाळाव्या. पावसाळ्यात जाण्याचा हट्ट धरू नये. “आज दर्या बरा नाही” असे तांडेल म्हणाले, तर भाड्याची घासाघीस करीत त्यांच्या मागे लागू नये. त्यांचा नकार हाच त्यांच्या अनुभवाचा सर्वांत मोलाचा भाग होय. मुलांच्या अंगावरील तरंगते जाकीट उकाडा होतो म्हणून काढू देऊ नये. तुटलेली नायलॉनची दोरी पाण्यात टाकू नये. ती कुजत नाही आणि कासवांच्या मानेस फास होते. आणि परतताना बादली किती भरली हे मोजण्याऐवजी मुलांनी काय पाहिले, ते विचारावे.

मालवणचे एवढे पुराण बुऱ्हाणपूरच्या शाळेच्या वार्षिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण आमच्या दाराशी आहे. मुलताईस उगम पावलेली आमची तापी ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ त्याच समुद्रास मिळते. आमच्या घाटांवरही मुले बांबूच्या काठीस दोरा बांधून कणकेची गोळी लावतात. तो आमच्याही बालपणाचा खेळ. आमच्या मध्य प्रदेशातही १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद हंगाम आहे. पाण्यात सुरुंग वा विष टाकून मासे मारणे तर १८९७ सालच्या कायद्यापासून गुन्हा आहे. २०११ साली मध्य प्रदेशाने महाशीर हा राज्यमासा ठरविला. वाहत्या, स्वच्छ, खडकाळ पाण्यात राहणारा हा थोर मासा आज आमच्या शाळेतील किती मुलांनी डोळ्यांनी पाहिला आहे? नाव राज्याने दिले. मासा राखणे आपल्याकडे आहे.

मालवणहून परत आल्यावर एका संध्याकाळी तोच रुसलेला मुलगा आम्हांस घाटावर भेटला. त्याच्या गळास बोटभर मासा लागला होता. त्याने आमच्याकडे पाहिले नाही. हात पाण्यात बुडवून ओला केला, काटा सोडविला आणि मासा तापीत सोडून दिला. आम्हीही काही बोललो नाही. आमच्या सहलीचे पैसे त्या क्षणी वसूल झाले.