खजिना हातात यायच्या आधी वाटा ठरवा

आज सरळ मुद्द्यावर येतो. माझं मत असं आहे की भागीदारीतली भांडणं तोट्यापेक्षा नफ्यावरून जास्त होतात. गल्ला रिकामा असतो तोवर दोघं एका ताटात जेवतात. पहिले चार पैसे उरले, की "मी जास्त राबलो" सुरू होतं.

खेळातसुद्धा हेच दिसतं. 1974 साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ आला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, कुणी योद्धा होतो, कुणी जादूगार. सगळे मिळून राक्षस मारतात आणि खजिना मिळवतात. नाणी मोजून वाटता येतात हो, पण जादूची तलवार एकच निघाली तर? शहाणे खेळाडू हे गुहेत शिरायच्या आधीच ठरवून घेतात.

आपल्या साताऱ्यात हे काम तीनशे वर्षांपूर्वी झालंय. 1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन साताऱ्याला शाहू महाराजांकडे आले. वसुली दख्खनच्या सहा सुभ्यांतून करायची, आणि करणारे सरदार अनेक. मग वाटणी आकड्यांत बांधली. सरदेशमुखी, म्हणजे महसुलाचे 10 टक्के, छत्रपतींची. चौथाईच्या दर 100 रुपयांतले 25 राजबाबती म्हणून छत्रपतींना, 6 सहोत्रा म्हणून पंत सचिवांना, 3 नाडगौडा म्हणून महाराज ज्याला देतील त्याला. उरलेले 66 मोकासा म्हणून सरदारांना.

66 ऐकून डोळे मोठे करू नका. त्यातूनच सरदाराला फौज पोसायची होती. मोठा वाटा आणि मोठा खर्च एकाच माणसाकडे, हे मला पटतं. यात एक कच्चा दुवाही होता. वसुली सरदारांच्या हातून व्हायची, त्यामुळे पुढे त्यांचा जोर वाढत गेला. म्हणून बँकेचं खातं दोघांनाही रोज दिसलं पाहिजे.

आता तुमच्या दुकानाचा हिशोब घ्या. समजा एकाने 5 लाख घातले, दुसरा रोज बारा तास गाळ्यावर उभा. वर्षाअखेर 6 लाख उरले. काहीच ठरलेलं नसेल तर 1932 चा भागीदारी कायदा सांगतो: नफा समसमान, 3-3 लाख. राबणाऱ्याला वेगळा पगार नाही, भांडवलावर व्याज नाही.

आधी ठरवलं असेल तर चित्र बदलतं. राबणाऱ्याला महिना 15 हजार, म्हणजे 1 लाख 80 हजार. भांडवलावर 10 टक्के, म्हणजे 50 हजार. धंद्यासाठी राखीव 70 हजार. राहिले 3 लाख, ते निम्मे-निम्मे. राबणाऱ्याला एकूण 3 लाख 30 हजार, पैसे घालणाऱ्याला 2 लाख. आकडे तुमचे तुम्ही बदला, पण प्रत्येकाला आपला वाटा कशाबद्दल मिळाला हे सांगता आलं पाहिजे.

"मित्रामित्रांत कागद कशाला?" असं म्हणणारे भेटतातच. अहो, काका-पुतण्यातसुद्धा निभत नाही! मिरजेच्या पटवर्धनांत काका गंगाधरराव आणि पुतणे चिंतामणराव यांचं बिनसलं. जहागिरीची वाटणी झाली आणि चिंतामणरावांनी सांगलीला वेगळी गादी मांडली. सांगलीचं भलं झालं, पण घर फुटलंच. तुमच्या एका गाळ्याची दोन दुकानं व्हायला जागा तरी आहे का?

आणि धंद्यातली जादूची तलवार विसरू नका: दुकानाचं नाव, गाळ्याचा करार, गिऱ्हाइकांचा फोन नंबर. याचे तुकडे होत नाहीत. आजच लिहा, की वेगळं व्हायची वेळ आली तर याची किंमत कोण ठरवणार, आणि जो ठेवून घेईल तो दुसऱ्याला पैसे कधी देणार.

या रविवारी भागीदाराबरोबर चहा घ्या आणि तीन गोष्टी कागदावर उतरवा: पगार किती, राखीव किती, तलवार कुणाची. खाली दोघांच्या सह्या. मग सोमवारी वकिलाकडून रीतसर करारनामा करून घ्या. नफा यायच्या आधी हे बोलणं सोपं असतं. नंतर तोच विषय काढायला तोंड उघडत नाही.