विश्लेषण : लोकलमध्ये पॉडकास्ट ऐकले, विचार केव्हा करणार?

बदलापूर किंवा विरारहून दक्षिण मुंबईत नोकरीला येणाऱ्यांचे रोजचे जवळपास तीन तास प्रवासात जातात. पूर्वी हा वेळ घडी घातलेले वर्तमानपत्र, पत्त्यांचा डाव, भजने आणि गप्पा यांत जाई. आता अनेकांच्या कानांत इयरफोन असतात आणि गाण्यांच्या जोडीला पॉडकास्ट. पुस्तक उघडायलाही जागा नसलेल्या डब्यात ही मोठी सोय आहे. पण ऐकलेल्यातले डोक्यात राहते किती?

प्रवाशांना पॉडकास्ट का भावले?

‘पॉडकास्टिंग’ हा शब्द पत्रकार बेन हॅमर्सली यांनी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधील लेखात वापरला. पुढच्याच वर्षी अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली. रेडिओवरील कार्यक्रमाची वेळ श्रोत्याला गाठावी लागे; पॉडकास्ट श्रोत्याच्या लोकलची वेळ पाळतो. अमित वर्मा यांच्या ‘द सीन अँड द अनसीन’मधील कित्येक तासांची मुलाखत दोन-तीन दिवसांच्या प्रवासात विभागून ऐकता येते. कॉलेजनंतर सुटलेला इतिहास, अर्थशास्त्र, विज्ञान यांच्याशी अनेकांचा संबंध पुन्हा जुळतो, तो असा.

मग अडचण कुठे आहे?

वाचताना नजर थांबते, मागे जाते. ऐकताना दादरला गर्दीचा लोंढा आत येतो, वाक्य निसटते आणि ते पुन्हा ऐकायला हात खिशापर्यंत पोहोचत नाही. त्यात दीडपट वेग आणि एक भाग संपताच आपोआप सुरू होणारा दुसरा. जाणकार माणसे तासभर बोलत असतात. त्यांचा विचार ऐकताना तो आपणच केल्याचा भास होतो. डब्यातल्या गप्पांत ‘हे कुठून काढलंस?’ असे कुणीतरी लगेच विचारी. इयरफोनमध्ये अडवणारे कुणी नसते. रोज कानाशी बोलणारा आवाज घरच्यासारखा वाटू लागतो आणि त्याचा आहाराचा किंवा गुंतवणुकीचा सल्लाही न तपासता पटतो. खरा धोका तो आहे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. आठवडाभराने आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. हा प्रयोग वाचनाचा होता, पण पॉडकास्टच्या श्रोत्यालाही त्यातून धडा घेता येतो : नुसते आणखी ऐकण्यापेक्षा ऐकलेले आठवणे अधिक उपयोगी.

विश्रांती कानांनाही हवी?

होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. ९० डेसिबलला ही मर्यादा ४ तासांवर येते. लोकलच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा.

करायचे काय?

पॉडकास्ट सोडण्याची गरज नाही. पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी आणि उतरण्याआधीची काही मिनिटे मोकळी ठेवावीत. मुख्य मुद्दा काय होता, त्याला पुरावा कोणता दिला आणि विरुद्ध बाजू मांडणारा काय म्हणाला असता, हे तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. रोजचा सोबती शेजारी असेल, तर त्याला सांगून पाहावे. सांगताना अडखळलो, तर विषय अजून समजलेला नाही, हे तिथेच कळते. जलद लोकलला दादरहून सीएसएमटी गाठायला साधारण पंधरा मिनिटे लागतात. एवढ्या वेळासाठी इयरफोन काढून ठेवले, तरी आधीचा तास सत्कारणी लागेल.