पहिलं आर्गन मशीन : किती अँपिअर, यापेक्षा कुठलं काम?

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छेपासून कोल्हापूरच्या शिरोली-गोकुळ शिरगावपर्यंत फौंड्री आणि मशीन शॉपचा पट्टा पसरला आहे. आयटीआयमधून वेल्डर ट्रेडचा एक वर्षाचा कोर्स करून या पट्ट्यात नोकरीला लागणारी मुलं दोन-चार वर्षांत स्वतःच्या शेडचा विचार करू लागतात. स्टेनलेस स्टीलचं रेलिंग, गेट, हॉटेलच्या किचनची टेबलं ही कामं गावोगावी निघतात. त्यासाठी लागतं टिग वेल्डिंग, म्हणजे कारागिरांच्या भाषेत नुसतं 'आर्गन'. मशीन बहुतेक वेळा कर्जावर येतं. निवड चुकली तर काम असो-नसो, हप्ता चुकत नाही.

एसी-डीसीचा मोह

दुकानात पहिला सल्ला मिळतो : 'एसी-डीसी घ्या, सगळं होतंय.' होतं, हे खरं. पण स्टेनलेस आणि साधं लोखंड दोन्ही डीसीवरच जोडतात. एसी लागतो तो मुख्यतः ॲल्युमिनियमला. ॲल्युमिनियम सुमारे 660 अंशांना वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर मात्र 2000 अंशांच्या पुढे. तो थर फोडण्याचं काम एसी करतो. अशा मशीनची किंमत साध्या डीसी मशीनच्या बऱ्याचदा दुपटीच्या पुढे जाते. ॲल्युमिनियमचं नियमित काम हातात नसेल तर तो पैसा नुसता अडकून पडतो.

आकड्यामागचं गणित

टिगमध्ये एक मिलिमीटर जाडीला साधारण 40 अँपिअर असा ठोकताळा आहे. रेलिंगच्या दीड मिलिमीटर पाइपला 50-60 अँपिअर पुरतात. म्हणजे 200 अँपिअरचं डीसी इन्व्हर्टर मशीन नवशिक्याला भरपूर झालं. त्यावर साधा रॉडही चालतो, त्यामुळे लोखंडी गेटसाठी दुसरं मशीन लागत नाही.

खरा फरक ड्युटी सायकलमध्ये आहे. '200 अँपिअर, 60 टक्के' याचा अर्थ दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, चार मिनिटं विश्रांती. हा आकडा 40 अंश तापमानाला दिलाय की 25 अंशांना, तेही बघावं. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात 25 अंश कुठून येणार?

आर्क कसा लागतो हा दुसरा मुद्दा. हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असेल तर टंगस्टन पाइपला टेकवावं लागत नाही. नवशिक्याचं टोक त्यामुळे कमी खराब होतं आणि जोडात टंगस्टन अडकत नाही. वेल्डिंग थांबल्यावरही काही सेकंद गॅस सोडणारी पोस्ट-फ्लोची सोय हवीच, नाहीतर जोड काळा पडतो.

मशीन म्हणजे सगळा खर्च नव्हे

सात घनमीटरच्या आर्गन सिलिंडरमधून मिनिटाला आठ लिटर गॅस सोडला तर जेमतेम साडेचौदा तास आर्क चालतो. सिलिंडरचं डिपॉझिट, रेग्युलेटर, टंगस्टन, फिलर वायर, हेल्मेट, हातमोजे हे सगळं वेगळं. त्यात 18 टक्के जीएसटी. भावात तो धरलाय की नाही, आधी विचारलेलं बरं.

वायरिंगचंही तसंच. पाइपच्या कामाला वीज फार लागत नाही, पण त्याच मशीनवर जाड रॉड चालवला की घरातला साधा प्लग आणि पातळ एक्स्टेंशन दम तोडतात. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज उतरतं. म्हणून मशीन किती कमी व्होल्टेजवर चालतं, हा प्रश्न अँपिअरइतकाच महत्त्वाचा.

कर्जाची चौकट

मुद्रा योजनेत 'शिशु' गटात 50 हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. पीएम विश्वकर्माच्या 18 व्यवसायांत 'लोहार' आहे, 'वेल्डर' असं वेगळं नाव नाही. घरात लोहारकाम चालत आलेल्यांना तिथे 5 टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्ज आणि अवजारांसाठी 15 हजारांची मदत आहे, पण लाभ कुटुंबातल्या एकालाच. दोन्हीकडे धोका एकच : मंजूर झालेली सगळी रक्कम मशीनवर घालायची आणि गॅस भरायला हातउसने मागायचे.

हद्द ओलांडून खरेदी

कोल्हापुरात हजार-दोन हजार स्वस्त मिळतं म्हणून बेळगाव-खानापूरकडचे तिकडे जातात. मशीन घेताना राज्याची हद्द आडवी येत नाही, बंद पडल्यावर मात्र येते. इन्व्हर्टरचं कार्ड गेलं तर वॉरंटीत दुरुस्ती कुठे, किती दिवसांत, नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, हे बिलावर लिहून घेतलेलं बरं. एक आठवडा शेड बंद राहिली तरी वाचवलेले पैसे गेलेच.

पैसे देण्याआधी आपल्या कामाचा पाइपचा तुकडा दुकानात न्यावा आणि स्वतःच्या हाताने दोन जोड मारून बघावेत. तेवढंही करू न देणारा दुकानदार बिघाडाच्या वेळी दारात उभा करेल, अशी आशा कमीच.