पिठाची बाहुली आणि पिठाचा कोंबडा



मागच्या भिशीत एका ताईंनी माझ्या कॉलेजात जाणाऱ्या नातवाला पार वाया गेलेला ठरवलं. कारण काय, तर त्याला 'तुंबाड' सिनेमाचं वेड आहे. "राक्षस, शाप, रक्त! आपल्या घरात हे मिथ्यात्व कशाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी चहा पीत गप्प बसले, त्याची रुखरुख आजही आहे. म्हणून लिहिते.

आधी आपलीच वही तपासू. १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची. ऐयार, तिलिस्म, क्रूरसिंह बघायला रविवारी हातातलं काम टाकून कोण बसत होतं? आपणच ना? तेव्हा कुणाचं सम्यक्त्व डळमळलं नाही. मग नातवाच्याच वेळी का डळमळतं?

मी 'तुंबाड' त्याच्याशेजारी बसून पूर्ण पाहिला. मधेमधे डोळे मिटून घेतले, हेही कबूल करते. लहान मुलांना तो दाखवू नका. पण गोष्ट समजून घ्या. राही अनिल बर्वे यांचा हा २०१८ चा चित्रपट. हस्तर नावाचा हावरा देव. त्याला सोनं मिळालं, अन्न मात्र कधीच मिळणार नाही. विनायक त्याच्यापुढे पिठाची बाहुली टाकतो, तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढतो. त्या संपल्या की पुन्हा जातो. पोरालाही तेच शिकवतो. शेवटी बाप मोहरा पुढे करतो आणि पोरगा त्या घेत नाही.

लोभ आणि परिग्रह यांवर आपण किती प्रवचनं ऐकली! 'जालना सोने का पालना' असं अभिमानानं सांगणाऱ्या गावात राहतो आपण. त्या पोराचा नकार पाहून मला तिजोरीची किल्ली आठवली, खोटं कशाला बोलू?

"पण हे सगळं काल्पनिक!" असं म्हणणाऱ्यांनी यशोधर राजाची कथा आठवावी. आचार्य सोमदेवांनी ती इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक'मध्ये सांगितली. आई बळीचा हट्ट धरते, राजा जीव मारायला तयार नाही, म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी देतात. पीठच तर होतं! तरीही मारण्याचा भाव होता, म्हणून मायलेकांना पशुयोनीत जन्मामागून जन्म घ्यावे लागले. राजा मोर झाला, आई कुत्रा झाली. हे ऐकताना आपण 'असं घडतं का?' विचारतो का? आपण विचारतो, 'माझ्या मनात काय आहे?' तोच प्रश्न पिठाच्या बाहुलीलाही लावा.

आता नातवाच्या मंडळींकडे वळते, कारण त्यांचीही बाजू मी आंधळेपणानं घेणार नाही. सिनेमा कसा आहे असं विचारलं की ही मुलं काय सांगतात? "आजी, २०१८ ला चालला नाही, पण सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त कमाई केली!" अरे बाळा, लोभ वाईट हे सांगणाऱ्या सिनेमाची थोरवी तू गल्ला मोजून सांगतोस? मी बी.कॉम. आहे. तिकिटांचा गल्ला म्हणजे नफाही नव्हे. त्यातून कर जातो, थिएटरवाल्याचा वाटा जातो, खर्च तर वेगळाच. मग ती गुणवत्ता कशी ठरेल? २०१८ साली रिकाम्या खुर्च्यांपुढे चालला तेव्हाही सिनेमा तोच होता. आणि ज्याला आवडला नाही त्याला 'अक्कल नाही' म्हणणं, ही वाचेची हिंसाच.

तेव्हा ताई, तुमचं 'खोटं आहे' आणि त्याचं 'कोटी कमावले', दोन्ही मतं मला सारखीच पोकळ वाटतात. दोघांनीही गोष्टीत डोकावलेलं नाही.

पुढच्या वेळी पोरगं असलं काही बघत बसलं तर टीव्ही बंद करू नका. शेजारी बसा. संपल्यावर एवढंच विचारा, "त्या पोराच्या जागी तू असतास, तर मोहरा घेतल्या असत्यास का?" माझ्या नातवाला विचारलं, तर तो बराच वेळ गप्प बसला. मग मलाच म्हणाला, "आणि आजी, तू?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.